पोळं इकडे, पाळणा तिकडे

पिंपरवाडी, ता. नांदगाव
९ ऑक्टोबर १९७९

ति. दादास,
चांगुणाचा सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. मागच्या आठवड्यात मी मरता मरता वाचले. थट्टा करत नाही.

आमच्या मागच्या दाराच्या वर तुळईला गांधीलमाशांचं पोळं आहे. सरपण आणायला निघाले तर त्यातली एक माशी मानेला चावली. आधी तळहात खाजायला लागले, मग अंगभर गांधी उठल्या, डोळे मिटले, ओठ सुजले आणि शेवटी घसा आवळला. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलं. त्यांनी अंगाला आमसूल चोळलं आणि मला घोंगडीत गुंडाळून ठेवलं. आपली आईही हेच करायची. लहानपणी बोरीखाली मला चावली होती, तेव्हा नुसतं तोंड सुजलं होतं आणि तू आठवडाभर मला भोपळा म्हणत होतास. या खेपेला भोपळ्यावर भागलं नाही. घोंगडीत मला श्वासच घेता येईना. हे बाजारात मापाड्याच्या कामावर गेलेले. शेजारच्या झिपरूभाऊंनी माझी घरघर ऐकली आणि मला फटफटीवर घालून, मागे त्यांच्या बायकोला बसवून नांदगावला नेलं, म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि बघता बघता घसा मोकळा झाला. बाई म्हणाल्या, हे पित्त नाही. तुझ्या अंगाला या माशीचं विष सोसत नाही, आणि पुढच्या वेळी याहून जास्त होईल. तेव्हा दवाखान्यापर्यंत पोचशीलच असं नाही. पोळं आधी काढा आणि हे इंजेक्शन घरात ठेवा.

घरी येऊन यांनी आईला सांगितलं. त्यावर सासूबाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. "जे जीव आपल्या घरात घर करत्यात त्यायला हाकलायचं नसतं. अशा घरात पाळणा हलतो. सात वरसं झाली, हिची कूस उजवंना. आता कुठं लक्षण दिसाया लागलं, तर म्हणं पोळं काढा!"

कुंभारीण माशीचं भिंतीवरचं मातीचं घर शुभ असतं, हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. पण ही कुंभारीण नाही, गांधीलमाशी आहे, असं म्हटलं तर त्या म्हणतात, घर बांधणारी ती समदी एकच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्यासमोर हे बोलणं चालतं.

दादा, तू ये. तू त्यांचा जावई आहेस. त्या सुनेचं ऐकत नाहीत, लेकाचंही नाही, पण जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. बाबांनी साटंलोटं करून कुसावहिनीला तुझ्या घरात आणलं आणि मला तिच्या माहेरी दिलं, तेव्हा म्हणाले होते की दोन्हीकडे आपलीच माणसं असली म्हणजे पोरींना घोर नाही. आता आई-बाबा नाहीत. तू एकदा येऊन पोळं काढा म्हणालास तर ते त्याच दिवशी खाली येईल. वाट बघते.

तुझी,
चांगुणा


नाशिक
२५ ऑक्टोबर १९७९

चि. चांगुणास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचून फार काळजी वाटली. लगेच निघावं असं मनात आलं, परंतु ओझरच्या कारखान्यात सध्या कामाचा रेटा आहे आणि साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. शिवाय कुसाचे दिवस भरत आलेत. तुझं पत्र मी तिला दाखवलं नाही. अशा अवस्थेत मनाला लागलं तर काय घ्या. तुला पित्ताचा त्रास झाला होता, एवढंच सांगितलं.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. तू म्हणतेस ते सर्व खरं आहे. हा निव्वळ अडाणीपणा आहे. गेल्याच रविवारी मी विहारात 'अंधश्रद्धा आणि आपला समाज' या विषयावर तासभर बोललो. टाळ्या चांगल्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, धोंडीराम, तुम्ही गावोगाव जायला हवं. तू असायला हवी होतीस.

पण व्याख्यान वेगळं आणि नातं वेगळं. सासूबाईंच्या मनाविरुद्ध मी पोळं काढायला लावलं आणि त्या बिथरल्या, तर? 'घेऊन जा तुमची बहीण आणि पाठवा माझी लेक' असं म्हणायला त्या मागेपुढे पाहणार नाहीत. साटंलोट्यात एका घरातलं भांडं दुसऱ्या घरात वाजतं, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा जरा जुळवून घे. डोक्यावरून पदर घेत जा. मागचं दार शक्यतो वापरूच नकोस. तुमच्या गावचा सोमा आमच्याच खात्यात आहे, तो पुढच्या महिन्यात गावी येईल. त्याच्याबरोबर ते इंजेक्शन आणि अॅलर्जीच्या गोळ्या पाठवतो. नाशकात सगळं मिळतं.

यादवरावांना नमस्कार. सासूबाईंना माझा दंडवत सांग, पोळ्याचा विषय काढू नकोस.

तुझा,
दादा


पिंपरवाडी
२८ नोव्हेंबर १९७९

ति. दादास,
जयभीम.

मुलगा झाल्याचं कळलं. थोरलीला भाऊ मिळाला. वहिनीला आणि बाळाला माझे आशीर्वाद, म्हणजे आत्याचे आणि मामीचे दोन्ही. सासूबाईंनी गावभर साखर वाटली. वाटताना प्रत्येकीला सांगत होत्या, "बघा, पोळ्यानं पाळणा हलवलाच. लेकीच्या घरी का हुईना!" मी हसले. पोळं इकडे माझ्या डोक्यावर आणि पाळणा तिकडे तुझ्या घरात, असा हा चमत्कार आहे. तुझ्या व्याख्यानात घाल.

सोमाभाऊंनी इंजेक्शन आणून दिलं. डॉक्टरीणबाईंनी यांना शिकवलं. दोन सुया आणि काचेची पिचकारी उकळून, फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवली आहे. यांनी पाणी भरून वांग्याला टोचायचा सराव केला. एक अख्खं वांगं चाळणी झालं. संध्याकाळी त्याचीच भाजी केली. सात वर्षांत आम्ही दोघं इतकं हसलो नव्हतो.

मागचं दार वापरू नकोस असं तू लिहिलंस. दादा, विहीर मागे, गोठा मागे, सरपण मागे आणि बायकांनी जायचं रानही मागेच. पुढच्या दारातून फक्त पाहुणे येतात, आणि तू तर तेवढाही येत नाहीस.

आता सासूबाई रोज सकाळी पोळ्याखालच्या कोनाड्यात गुळाचा खडा ठेवतात. माशा खाऊनपिऊन सुखी आहेत. पोळं वाढतंय. बाळाचं नाव काय ठेवलं ते कळव, आणि एका दिवसासाठी तरी ये. सकाळच्या गाडीनं निघालास तर संध्याकाळी परत जाशील.

चांगुणा


नाशिक
११ जानेवारी १९८०

चि. चांगुणास,
आशीर्वाद. बाळाचं नाव आनंद ठेवलं. घाईत कार्ड टाकतो आहे. पुढच्या महिन्यात नक्की येतो. पोळ्याखाली गूळ ही गोष्ट मी रविवारी सांगितली, नाव न घेता. लोक पोट धरून हसले. तब्येतीला जप. कुसा बरी आहे.
दादा


पिंपरवाडी
१४ जुलै १९८०

ति. दादास,
जयभीम.

तुझा पुढचा महिना अजून यायचा आहे, म्हणून मीच लिहायला बसले.

होळीच्या सुमारास मला पुन्हा चावली, कानामागे. या खेपेला हे घरात होते म्हणून निभावलं. यांचे हात इतके थरथरत होते की पहिली सुई वाकली. दुसरीनं मांडीत इंजेक्शन दिलं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती ती हळूहळू गेली आणि घसा उघडला. मग दवाखान्यात जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापल्या. सासूबाई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, सुई चांगली हाय बरं का. मला वाटलं आता पोळं काढतील. पण गूळ चालूच राहिला.

झिपरूभाऊ धूर करून पोळं काढायला आले होते. सासूबाई उंबऱ्यावर आडव्या पडल्या. आधी माझ्यावर धूर करा म्हणाल्या. यांनी झिपरूभाऊंना चहा पाजून परत पाठवलं. आई जेवायची नाही, असं मला म्हणाले. आईनं न जेवणं आणि बायकोनं न जगणं, यात यांना निवड करता आली नाही.

आता खरी गोष्ट लिहिते. मला दिवस गेलेत, तिसरा महिना चालू आहे. यांना तर काय करू नि काय नको असं झालंय. सासूबाईंनी त्याच दिवशी पोळ्यासमोर हात जोडले. आता त्या पोळ्याला कुणी हातच लावायचा नाही, ते आमच्या घराचं दैवत झालं. सुपाएवढं झालंय दादा. मी पाण्याला जाते-येते तेव्हा पोटावर हात ठेवून, श्वास धरून त्याच्या खालून पळते.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की पोरी, पोळं निघेपर्यंत माहेरी जाऊन राहा. तर तू मला आत्ताच घेऊन जा. पहिलं बाळंतपण माहेरी असतंच, मी थोडी आधी आले एवढंच. वहिनीला घरकामात हात लावीन, आनंदला सांभाळीन. कोपऱ्यात चटई टाकून झोपेन. मला हे मूल हवंय दादा. सात वर्षं बायका माझ्याकडे कशा बघत होत्या, ते तुला सांगून कळणार नाही.

तुझी,
चांगुणा


नाशिक
२ ऑगस्ट १९८०

चि. सौ. चांगुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बातमी वाचून डोळे भरून आले. आज बाबा हवे होते. कुसाला सांगितलं, तिनं आनंदला उचलून नाचवलं.

तुला आणायचं म्हणतेस तर आणायचंच आहे. पण सासूबाईंचा सोमाबरोबर निरोप आला, की सातव्या महिन्यात ओटी भरल्याशिवाय सुनेला उंबरा ओलांडू देणार नाही, आणि कुणी नेलीच तर माझीही लेक मला माघारी पाहिजे. त्या बोलल्या ते करणाऱ्या आहेत. माझ्या संसारात मिठाचा खडा पडावा असं तुलाही वाटणार नाही. शिवाय सातव्यात आणायची ही रीतच आहे. थोडी कळ काढ. दिवस काय, जातात भराभर.

इंजेक्शनाबद्दल एक सांगायचं आहे. कुसाच्या वेळी इथल्या जाणत्या बाया सांगत, की गरोदरपणी औषधं आणि सुया जितक्या टाळाव्यात तितकं पोटातल्या जिवाला बरं. तेव्हा चावलीच समजा माशी, तर शक्यतो ते इंजेक्शन नकोच. गोळी घ्यावी आणि शांत पडून राहावं. यादवरावांना हे नीट सांग. हे पत्र सासूबाईंनाही वाचून दाखव. जावई त्यांच्या वंशाची काळजी घेतो आहे, हे पाहून त्यांना बरं वाटेल आणि तुझ्याशीही त्या गोडीनं वागतील.

माझं भाषणांचं काम वाढतं आहे. पुढच्या रविवारी विंचूरला बोलावलंय.

तुझा,
दादा


नाशिक
९ ऑक्टोबर १९८०

चि. चांगुणास,
आशीर्वाद.

सोमाकडून सगळं कळलं. मी त्याच दिवशी निघणार होतो, पण थोरलीला ताप भरला. जे झालं ते फार वाईट झालं. पण तू वाचलीस हे काय थोडं आहे? तुझं वय अजून गेलेलं नाही. तुझं पोट पडलं एवढंच कुसाला सांगितलं, ती दोन दिवस जेवली नाही.

यादवरावांनी हाताशी असलेलं इंजेक्शन का दिलं नाही, हे मात्र मला समजत नाही. वांग्यावर शिकलेला माणूस ऐन वेळी असा कसा घाबरला?

दोन ओळी लिही. वाट पाहतो.

दादा


पिंपरवाडी
२२ नोव्हेंबर १९८०

ति. दादास,
जयभीम.

अंगात आता पुष्कळ बळ आलं आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हे घाबरले नव्हते. मला माशी चावली ती हंडा घेऊन आत येताना, खांद्यावर. हे ओसरीवरच होते. यांनी डबी उघडली, औषध पिचकारीत ओढलं. होळीला हात थरथरले होते, तसे या वेळी थरथरले नाहीत. माझ्याजवळ गुडघे टेकून बसले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आरं, जावयानं काय लिव्हलंय? सुई नको म्हणून लिव्हलंय ना?" हे थांबले. मला म्हणाले, दादा शहरात राहतात, चार लोकांत बोलतात, त्यांना कळत असेल. मी मानेनं नाही नाही म्हणत होते. बोलायला घसा राहिला नव्हता. यांनी पिचकारी परत डबीत ठेवली आणि गोळी माझ्या जिभेवर ठेवली. ती गिळता कुठे येत होती?

मग आमसूल, मग घोंगडी. घोंगडीत गुंडाळल्यापर्यंतचं मला आठवतं. पुढचं लोकांनी सांगितलेलं आहे. झिपरूभाऊ गावाला गेले होते, फटफटी नव्हती. कांद्याचा एक टेम्पो मिळेपर्यंत वेळ गेला. डॉक्टरीणबाईंनी मला वाचवलं. दुसऱ्या दिवशी पोटातलं मूल गेलं. बाई म्हणाल्या, माझा श्वास इतका वेळ कोंडला, रक्तदाब पडला, मग पोटातल्याला काय मिळणार? सुईनं काही झालं नसतं, आई जगली तरच मूल जगतं. मग त्यांनी यांना विचारलं, "डबी घरात होती ना? मग?" यांनी खिशातून तुझं पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

मुलगी होती.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा तुळई मोकळी होती. झिपरूभाऊंची बायको सांगते, मूल गेल्याचा निरोप आला तशा त्या उठल्या. धूर नाही, काठी नाही, पाट घेऊन चढल्या आणि पोळं दोन्ही हातांनी ओढून काढलं. माशा त्यांना सगळीकडे चावल्या. त्यांचे हात भाकरीसारखे सुजले होते, डोळा उघडत नव्हता. मला बघून म्हणाल्या, "मला चावल्या तर नुसतं सुजलं गं. मला वाटायचं तुला बी तेवढंच हुतं." मग माझे पाय धरून रडल्या. मी त्यांना उठवलं नाही. रडू दिलं.

हे कामावर जातात, येतात. माझ्याशी बोलताना खाली बघतात.

चांगुणा


नाशिक
२० मार्च १९८१

चि. चांगुणास,
आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं हा प्रश्न होता. इंजेक्शनाबद्दल मी 'शक्यतो' असं लिहिलं होतं. अगदी जिवावर बेतलं तरी देऊ नका, असं मी लिहिलेलं नव्हतं, हे तू पत्र पुन्हा वाचलंस तर लक्षात येईल. पण आता तो वाद नको. झालं गेलं गंगेला मिळालं.

एका वेगळ्या कामासाठी लिहितो आहे. येत्या जयंतीच्या कार्यक्रमात माझं मुख्य भाषण आहे. मोठा मंडप, बाहेरगावचे पाहुणे. मी विषय तोच घेतला आहे. त्यात तुझी हकिगत सांगावी असं मनात आहे. नाव बदलीन, गावही सांगणार नाही. एक सासू, एक सून आणि एक पोळं, एवढंच. एका म्हाताऱ्या बाईच्या अडाणीपणानं कशी एक कळी खुडली गेली, हे ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल आणि चार घरं तरी सुधारतील. तुझं दुःख समाजाच्या कामी येईल. तुझी हरकत नसावी. होकार कळव.

दादा


पिंपरवाडी
६ एप्रिल १९८१

ति. जावईबापूंस,
चांगुणाचा जयभीम.

यापुढे तुम्हाला याच नावानं हाक मारणार आहे. दादा म्हणून तुम्ही मला एकदाही उत्तर दिलं नाहीत. जी उत्तरं आली ती माझ्या सासूबाईंच्या, नवसाबाईंच्या जावयाची होती. पाकिटावर कुसावहिनीचं नाव घातलं आहे. माझं एकही पत्र तुम्ही तिला दाखवलं नाही. हे पत्र तिच्या हाती आधी पडावं. ती सातवी शिकली आहे, वाचेल.

माझी हकिगत भाषणात खुशाल सांगा, माझी परवानगी आहे. नाव बदलू नका. चांगुणा म्हणा, पिंपरवाडी म्हणा. फक्त पुरी सांगा. सासू, सून आणि पोळं एवढ्यात ती मावत नाही. त्यात एक नवरा आहे. त्याचा पोळ्यावर काडीचाही विश्वास नव्हता, पण आईनं ताटावरून उठू नये म्हणून तो गप्प बसला. आणि एक भाऊ आहे. त्या भावाला सगळं ठाऊक होतं. ही माशी पुन्हा चावली तर बहीण मरेल हे डॉक्टरांनी सांगितल्याचं त्याला कळवलं होतं. इंजेक्शनानं ती वाचते हेही कळवलं होतं. तो पोळ्यावर लोकांना हसवत होता, टाळ्या घेत होता, आणि घरी येऊन लिहीत होता की जुळवून घे. आपली बायको आपल्या घरात राहावी म्हणून त्यानं बहीण पोळ्याखाली ठेवली. आणि सासू खूश व्हावी म्हणून ज्यातलं ओ की ठो कळत नाही त्या औषधाबद्दल सल्ला दिला. मंडपात हे सांगा. मग किती टाळ्या पडतात ते मला कळवा.

सासूबाईंना अडाणी म्हणायचा हक्क मला आहे, तुम्हाला नाही. पोळं आहे तोवर घरात मूल येईल, असं त्यांना खरोखर वाटत होतं. त्या चुकल्या. चुकलं हे कळलं तेव्हा त्यांनी कुणाला पत्र लिहिलं नाही, उठून ते हातांनी ओढून काढलं. मी त्यांना माफ केलेलं नाही. पण आम्ही दोघी एका चुलीजवळ बसतो आणि कधीकधी त्या माझ्या गेलेल्या लेकीसाठी रडतात, तेव्हा मला एकटं वाटत नाही. तिच्यासाठी रडणारं दुसरं कुणी मला अजून भेटलं नाही.

म्हणून म्हणते, अंधश्रद्धेवर बोलू नका. तो विषय सासूबाईंचा आहे आणि त्यांनी तो पुरा केला. तुम्ही सोयीवर बोला. सासूबाईंनी मानलं म्हणून माझं मूल गेलं. तुम्ही तर काहीच मानत नव्हता, तरी गेलं.

चांगुणा


नाशिक
२१ एप्रिल १९८१

चि. चांगुणास,
आशीर्वाद.

तुझं पत्र कुसाच्या हाती पडलं. मी घरी येईपर्यंत तिनं ते वाचलं होतं, आणि माझी ट्रंक उघडून तुझी मागची सगळी पत्रंही वाचली होती. आज सकाळी दोन्ही मुलांना घेऊन तिकडच्या गाडीत बसली. मी स्टेशनवर म्हणालो, आईला भेटून लवकर ये. तर म्हणाली, आईला भेटायला नाही, चांगुणाकडे चालले. परत कधी येणार ते सांगितलं नाही. कपडे सगळे नेलेत.

कार्यक्रमात मी बोललो नाही. तब्येत बरी नसल्याचं कळवलं.

तू तिला समजावून सांग. तुझा शब्द ती मोडणार नाही. मी स्वतः आलो असतो, पण सध्या रजा मिळत नाही.

दादा